बाबांनी न केलेले फोन

आमच्या गल्लीत माझ्या सासऱ्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना खात्रीकाका म्हणतात. किल्ली हरवली म्हणून गिऱ्हाईक त्यांच्या किल्ल्यांच्या दुकानात आलं की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घर तुमचंच आहे याची खात्री काय?" बिचारा माणूस उन्हात ताटकळून आलेला असतो, आणि बाबा चष्म्यावरून त्याच्याकडे असे बघतात की त्याला स्वतःलाच शंका यावी. तरी लोक येतात, कारण बाबांच्या हातची किल्ली कुलपात कधी अडकत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडून त्यांचं एकच मत झालंय, की न उघडणारं असं जगात काही नसतं.

असा माणूस मोबाइलला हात लावेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांच्या जुन्या फोनची बटणं दबेनाशी झाली, तेव्हा माझ्या नवऱ्याने हट्टाने त्यांना एक स्वस्तातला प्रीपेड स्मार्टफोन घेऊन दिला. नवरा परगावी कारखान्यात असतो, घरात बाबा आणि मी अशी दोनच माणसं. "निदान रोज आवाज तरी ऐकू येईल," असं त्याचं म्हणणं. बाबांनी फोन घेतला आणि त्याच दिवशी त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. त्याच्या तोंडाशी बोलायचं नाही, असा मलाही दम भरला. काम नसेल तेव्हा फोन कोऱ्या किल्ल्यांच्या पत्र्याच्या डब्यात, वर झाकण घट्ट. रिचार्ज दर वेळी वेगळ्या दुकानात, म्हणजे आपली सवय कुणाला कळायला नको.

फोनमध्ये त्यांनी एकही नाव घालू दिलं नाही. "नावं घातली की चोराला घरातल्या सगळ्या माणसांचा पत्ता आयता मिळाला," हा त्यावरचा खुलासा. त्यामुळे त्यांच्या फोनमध्ये नुसते आकडे. मुलाचा नंबर विचारा, त्यांना सांगता येणार नाही. पण बोटं बरोबर फिरतात आणि फोन मुलालाच लागतो. मी एकदा म्हटलं, "बाबा, कमाल आहे." तर म्हणाले, "डोक्यातलं कुणीही काढून घेतं. बोटातलं काढता येत नाही."

सगळं बिनसलं ते एका दुपारी. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दुपारच्या सुट्टीत घरी येते, जेवते, परत जाते. दुकान आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे, पण घराचं दार वेगळं, बाजूच्या बोळातून. त्या दिवशी मी ताट घेऊन बसते न बसते तोच बाबा समोर येऊन उभे राहिले.

"माझ्या फोनवरून दुपारचं कुणाला फोन करतेस गं?"

मला वाटलं थट्टा करताहेत. "बाबा, माझ्याकडे माझा फोन आहे की."

"म्हणूनच विचारतोय. स्वतःच्या फोनवरून करता येत नाही, असाच फोन असणार तो."

त्यांनी फोन पुढे धरला. रोज दुपारी एकाच नंबरला फोन लावलेला दिसत होता, आणि तो नंबर मी जन्मात पाहिला नव्हता. बाबांनीही पाहिला नव्हता. रिचार्ज मुदतीआधीच संपला म्हणून त्यांनी फोन उघडून तपासला, तेव्हा हे सापडलं. "मी केलेला नाही," ते म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याने केलाय. आणि दुसरं माणूस घरात एकच आहे."

मी चिडले. चिडणारच. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, या माणसाच्या चहात साखर किती ते मला झोपेतही सांगता येईल, आणि मी त्यांचा फोन चोरून वापरते! नवऱ्याला फोन करून भडाभडा सांगितलं. तिकडून यंत्रांच्या खडखडाटात तो म्हणाला, "अगं, बाबांचा स्वभावच तो. मनावर घेऊ नकोस." परगावी बसून असं म्हणायला काय जातं?

बाबांनी मात्र पक्कं मनावर घेतलं होतं. जुनी कुलपं मोकळी करायला ते पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड वापरतात. ती त्यांनी एका दुपारी फोनच्या काचेवर हलकेच फुंकली आणि डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी काचेवर काळसर अंगठा उमटलेला! मग काय विचारता. शेजारच्या घड्याळवाल्या काकांना भिंगासकट बोलावलं, माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर घेतला, आणि दोघं म्हातारे एका फोनवर ओणवे झाले.

घड्याळवाल्या काकांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सूनबाईंच्या अंगठ्याला रेषा आहेत. या काचेवरच्याला एकही रेष नाही. नुसता गुळगुळीत डाग."

मी मनात म्हटलं, सुटले. बाबांनी भिंग घेतलं, स्वतः पाहिलं आणि सावकाश माझ्याकडे वळले. "दवाखान्यात हातमोजे असतात ना गं तुझ्या?"

डोकं असं फिरलं की मी ताट तसंच ठेवून कामाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर माझी किल्ली दाराला लागेना. बाबांनी कुलूप बदललं होतं.

इथे एक सांगायला हवं. मी येईपर्यंत आमच्या घराला दुसरी किल्ली कधीच नव्हती. जगाला दुसऱ्या किल्ल्या करून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराची एकच ठेवली होती, तीही कमरेला. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. त्या शिवणकाम शिकवायला बाहेर जात, आणि परत येताना दुकानावरून किल्ली घेऊन दार उघडत. त्यांना स्वतःच्या घराची किल्ली कधी मिळाली नाही. मला मिळाली, ती लग्नाच्या वेळी नवरा अडून बसला म्हणून. या घरात मला काय मानतात ते मला त्या किल्लीवरून कळत असे. आणि आता ती हातात असून दाराला लागत नव्हती.

दवाखान्याच्या कपड्यांत मी बोळात पायरीवर बसून राहिले. येणारेजाणारे बघत होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मनाशी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा, नाहीतर बॅग भरून माहेरी. उठले आणि तडक दुकानात गेले. घड्याळवाले काका तिथेच चहा पीत बसले होते. बरंच झालं, साक्षीदार आयता मिळाला.

"बाबा, तो नंबर लावा. आत्ता, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात."

"तिकडून आपला बॅलन्स ओढून घेतात. मी ऐकलंय."

"ओढू द्या. रिचार्ज मी मारते. पण लावा."

"आणि तुझा साथीदार ओळख दाखवणारच नाही, असं ठरलं असेल तर?"

"तर मी आजच्या आज या घरातून जाते. मग राहा तुम्ही आणि तुमचा डबा."

घड्याळवाल्या काकांनी कप खाली ठेवला. "लावा हो," ते म्हणाले, "मलाही ऐकू दे." बाबांनी यादीतला तो नंबर दाबला आणि फोन टेबलावर ठेवला. दोनदा वाजला. मग एका तरुण मुलीचा आवाज आला, घाईतला पण गोड.

"बोला काका. आज लवकर? किल्ली तुमच्याकडेच आहे ना? येते हं मी, सावकाश येते."

बाबा फोनकडे वाकून म्हणाले, "कोण बोलतंय?"

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"तुम्ही कोण? हा नंबर कुणाचा आहे?"

"माझाच आहे. तुम्हाला सांगितलं होतं मी पहिल्यांदा. नवं सिम घेतलं तेव्हा मला हा नंबर मिळाला. आधीच्या माणसाने रिचार्ज करायचं सोडलं की नंबर दुसऱ्याला देतात ना, तसा. तुम्ही रोज फोन करून म्हणता, किल्ली माझ्याकडे आहे, दुकानावरून घेऊन जा. पहिले काही दिवस मी राँग नंबर म्हणत होते. तुम्ही फार ओशाळायचात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग मी नुसतं 'येते' म्हणायला लागले." ती जराशी हसली. "तुम्हाला बरं वाटायचं त्याने. काका? आहात ना?"

बाबांचा उजवा हात टेबलावर होता. काही नसलेल्या जागी त्यांची बोटं हळूहळू फिरत होती, वर, खाली, मध्ये, पुन्हा वर. शेवटचा आकडा झाला आणि ती थांबली. "हिचा नंबर," ते म्हणाले. हिचा म्हणजे माझ्या सासूबाईंचा. घड्याळवाल्या काकांनी मान खाली घातली. मीच फोन उचलला, त्या मुलीचे आभार मानले आणि बंद केला.

मी जिंकले होते, आणि मला ते नको होतं. भीती वाटत होती. कुणाची चोरी नाही, कुणाचा साथीदार नाही, रोज दुपारी फोन लावणारा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

बाबा उठले. एक कोरी किल्ली डब्यातून काढली, कमरेची किल्ली शेजारी लावली आणि मशीनवर कापली. मग कानस घेऊन बराच वेळ घासत बसले. माझ्या हातावर ठेवली तेव्हा ती अजून गरम होती. त्यांचा अंगठा माझ्या तळव्याला लागला, तो कानशीने घासून घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. एकही रेष नव्हती त्याला. मी ते कुणाला बोलले नाही.

"ही मी परत मागेन," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "भांडेनसुद्धा. देऊ नकोस."

नवऱ्याला सगळं सांगितलं. या वेळी तो स्वभाव वगैरे काही म्हणाला नाही, पहिल्या गाडीने आला. आम्ही बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि घरचं वातावरण शांत ठेवा असं सांगितलं. नवरा कामावर परत गेला. बाबा पुन्हा दुकानात बसायला लागले, गिऱ्हाइकांना खात्री विचारायला लागले.

आणि एका दुपारी मी बोळातून माझ्या किल्लीने दार उघडून आत आले, तर पुढच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. "किल्ली माझ्याकडेच आहे. तू सावकाश ये." मग जरा ऐकल्यासारखं, आणि मग समाधानाने, "बरं, बरं." मी हातातली किल्ली वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरली.

संध्याकाळी मी ताटं वाढत होते तेव्हा ते फोन घेऊन आले. जुनीच नजर, चष्म्यावरून. "आज दुपारी माझा फोन घेतला होतास तू?"

ज्यासाठी मी गल्लीभर तमाशा करायला निघाले होते, ज्यासाठी बॅग भरणार होते, तोच प्रश्न. मी ताटात भात वाढला.

"हो बाबा," मी म्हटलं. "मीच घेतला होता."

"वाटलंच मला." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे इकडे."

"नाही देणार."

"का?"

"तुम्हीच सांगितलंय. मी मागितली तरी देऊ नकोस म्हणून."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, दारात आलेल्या परक्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे.

"खात्री आहे तुझी?"

"खात्री आहे."

त्यांनी हात मागे घेतला. "मग देऊ नकोस," म्हणाले, आणि जेवायला बसले.