उजवीकडून झिजलेली पळी

इस्पितळाच्या धोबीखान्यात चौतीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेली बाई रविवारी काय करेल? झोपेल. पाय उशीवर टाकून पडून राहील. ही बाई मात्र रविवारी सकाळी पिशवी उचलून जुन्या बाजारात जायची आणि लोकांनी विकून टाकलेले चांदीचे चमचे उलटेसुलटे करून बघत बसायची. त्यामुळे तिचं नाव पडलं चमचेबाई. "साहेबाचे चमचे पुष्कळ पाहिले, चमच्यांची साहेबीण पहिल्यांदाच बघतोय," असं धोबीखान्यातला मुकादम म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. या विनोदाला कंटाळूनही तिला वीस वर्षं झाली होती.

आता ती त्रेसष्टची होती, गुडघे बोलायला लागले होते आणि लेक तिला आपल्या दोन खोल्यांत राहायला घेऊन चालली होती. दोन खोल्या, जावई, दोन नातवंडं. त्यात पलंगाखालची सव्वीस बुटांची खोकी कुठे मावणार?

खोक्यांत दोनशे अकरा नग होते. साखरेचे चिमटे, मोहरीचे नखाएवढे चमचे, मासे वाढायचा जाळीदार उलथणा, शिंपल्यासारखे चहाच्या पुडीचे चमचे. आणि पळ्या. पळ्याच चाळीस. प्रत्येक नग घेण्याआधी तिने त्यावर तोंडाची वाफ सोडली होती. चांदीवर 'हा' केलं, की दोन-चार क्षण तिचं बिंग बाहेर पडतं. कुठे सांधा आहे, कुठे डाख वितळवून भोक बुजवलंय, कुठे कोणाचं नाव घासून काढलंय, सगळं त्या धुक्यात उठून दिसतं आणि लगेच पुसलं जातं. बाजारातल्या दुकानदारांना हे ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला ठाऊक असलेलं त्यांना आवडत नाही.

ती नेमकं काय शोधते, हे मात्र तिने कधी कोणाला सांगितलं नाही. जुन्या बाजाराची रीतच तशी. तुम्हाला काय हवंय हे दुकानदाराला कळलं, की तुम्ही मेलात. म्हणून पळी बघायची असली तरी आधी अर्धा तास चिमटे बघायचे, नाक मुरडायचं, उठायचं, आणि जाता जाता 'ती काय हो, पळी वाटतं?' असं विचारायचं. हे नाटक तिच्या इतकं अंगात मुरलं होतं, की तिने लेकीलाही खरं सांगितलं नव्हतं. तसं त्याला दुसरंही कारण होतं. ते कारण सांगायची तिला लाज वाटायची.

ती सोळा वर्षांची असताना तिने आईची चांदीची पळी विकली होती. बुटांसाठी. दारावर जुनी भांडी घेणारा फेरीवाला आला, आई पाणी भरायला गेली होती, आणि पेठेतल्या एका दुकानाच्या काचेत लाल रंगाचे टाचेचे बूट होते. बस, एवढंच. आई परत आली, फळीवर पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काहीच बोलली नाही. एक शब्द नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत, वीस वर्षं, तिने लोखंडी पळीने वाढलं. चार शिव्या घातल्या असत्या तर पोरगी सुटली असती. आई गेली आणि पुढच्याच रविवारी ही बाजारात गेली.

आई डावखुरी होती. उजव्या हाताने भांड्याचा तळ खरवडणाऱ्याच्या पळीची डावी कड झिजते. आईच्या पळीची उजवी कड खाल्ली गेली होती. शिवाय जावेच्या पळीशी अदलाबदल होऊ नये म्हणून दांड्याच्या मागे आईने सुईने तीन रेघा ओढल्या होत्या. बाकी त्या घाटाच्या पळ्या घरोघरी होत्या. सत्तावीस वर्षं बाईने उजवीकडून झिजलेली पळी शोधली. एकदाही दिसली नाही. आता शोधायचं त्राणही उरलं नव्हतं. शेवटच्या वर्षी तर ती नुसती सवय म्हणून जायची, आणि पळी दिसली नाही की तिला बरंच वाटायचं. घरी जाऊन पडता येई.

सगळे नग घेऊन जायला जुन्या बाजारातल्या एका दुकानाचे म्हातारे कारागीर आले. सगळे त्यांना काका म्हणत. पन्नास वर्षं ते चांदीवर वाकून बसले होते, त्यामुळे सरळ उभे राहिले तरी वाकलेलेच दिसत. त्यांनी जमिनीवर दोन ढीग लावले. एक जसाच्या तसा ठेवायचा, एक वितळवायचा.

"हा चिमटा ठेवू ना, बाई?"

"तुम्हीच ठरवा काका. माझ्या डोक्याला ताप नको."

"एवढ्या वर्षांचं जमवलेलं, आणि असं बोलता?"

"जमवलं म्हणूनच बोलते. सगळं वितळवा, माझं काही म्हणणं नाही."

शेजारच्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यांवर बसलेली लेक ओरडली, "आई, आधी काकांना जेवायला वाढ. सकाळपासून बसलेत ते."

बाईने गरम सूप आणलं आणि रोजच्या पळीने काकांच्या वाटीत ओतायला लागली. ही पळी खोक्यातली नव्हे. पहिल्यांदा बाजारात गेली तेव्हा तिने काकांच्या मालकाकडून साखरेचा चिमटा घेतला होता, आणि काकांनी वर ही पळी फुकट टाकली होती. कड कापलेली, तोंडाशी आखूड, संग्रहात ठेवायच्या लायकीची नाही; घरात वापरा म्हणाले होते. तिने वापरली. फुकटच्या पळीवर कोण वाफ सोडून बघतंय?

वाटी अर्धी भरली आणि काकांनी तिचं मनगट धरलं. "थांबा. ही अजून आहे तुमच्याकडे?"

"का? परत हवीय का?"

"अहो, ही मी कापलीय. पोरगा होतो तेव्हा. झिजलेली कड दिसली की गिऱ्हाईक फिरतं, म्हणून मालक म्हणायचा, दुसरी बाजूही तेवढीच घासून सारखी कर. शेकडो केल्या असतील. सगळ्यांची डावी झिजलेली असायची, मी उजवी घासायचो. हीच एक उलटी होती. हात सवयीने उजव्या बाजूला गेला, झिजलेली कड आणखी खाल्ली आणि मालकाची चापट बसली. मग डावीही तेवढीच कापून सारखी करावी लागली, म्हणून ही अशी आखूड. आयुष्यात अशी एकच आली माझ्याकडे."

बाईने पातेलं खाली ठेवलं. "दांड्यावर काही होतं का?"

"रेघा होत्या. डाख भरून बुजवायला लावल्या मला. का?"

तिने पळी पुसली, उलटी केली आणि दांड्यावर वाफ सोडली. तीन बारीक रेघा उमटल्या. एक जरा वाकडी, आईचा हात घसरला असेल तिथे. पुसल्या गेल्या. तिने पुन्हा वाफ सोडली. पुन्हा उमटल्या.

"बाई, तुम्ही हिला शोधत होतात?" काका म्हणाले. "अहो, मग एकदा तोंड उघडायचं होतं! मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

ती खाली बसली. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. सत्तावीस वर्षांचे रविवार एकदम अंगावर आल्यासारखे झाले आणि अस्सा राग आला, बाजाराचा, काकांच्या मालकाचा, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या बंद तोंडाचा. तिने पळीच्या कडेवरून बोट फिरवलं. काकांनी सारखी केलेली कड आता सारखी नव्हती. डावीकडून झिजली होती. तिच्याच हाताने.

लेक दारात आली. "काय झालं? पळीला काय झालं? राहू दे ना ती, माझ्याकडे आहेत चांगल्या स्टीलच्या."

"ही माझ्या आईची आहे," बाई म्हणाली.

"आजीची? तू कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले. मी ती विकली होती. तिला न विचारता. बुटांसाठी."

लेक तिच्याशेजारी जमिनीवर, त्या दोन ढिगांच्या मध्ये बसली. "कसले बूट?"

"लाल. टाचेचे. दोन महिन्यांत टाच निघाली." आणि मग बाईला रडू फुटलं. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

शेवटी काकांनीच हात लांब करून आपली वाटी पुढे सरकवली.

"वाढा बाई," ते म्हणाले. "अर्धीच झालीय."