मंगलताईंची पांढरी पावडर

आष्ट्यात बाजारपेठेच्या मागं मंगलताईंचं दुकान आहे. आग विझवायचे लाल सिलिंडर त्या तपासतात, रिकामे झाले की पावडर भरून देतात. दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं, लालासाहेबांचं. ते फौजेत रणगाड्यांवर होते, तिथंच हे काम शिकले. पुढं पाठीच्या दुखण्यानं त्यांना वाकता येईना, तेव्हा ऊस सांभाळून मंगलताईंनी पाना हातात घेतला.

लालासाहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना समजावलं होतं. “पावडर जाळावर नुसतं पांघरूण घालत न्हाई. गॅस जळताना त्येच्या कणांचं तुकडं पडत्यात. एकेक तुकडा दुसऱ्या कणाला फोडतो, अशी साखळी चालती. पावडर त्या तुकड्यांना धरती. साखळी तुटली की जाळ गेला. गॅस मातुर तसाच येत ऱ्हातो.”

गेल्या लग्नसराईत कुंडलच्या एका लग्नाच्या हॉलवर त्या सिलिंडर बदलायला गेल्या होत्या. दुपारच्या पंगतीचा स्वयंपाक चालला होता. शेगडीला जाणारी नळी गॅसच्या टाकीजवळच फाटली आणि जाळ फुरफुरत बाहेर आला. बायका पराती टाकून पळाल्या. मंगलताईंनी सिलिंडर उचलला, पुढं जाऊन पिन काढली आणि तशाच थांबल्या.

“आवं ताई, मारा की,” गुंडा आचारी ओरडला.

“आत्ता विजवला तर गॅस हॉलभर पसरंल, मग एक ठिणगी पुरं. पोतं भिजवून हाताला गुंडाळा आन् माझ्याजवळ हुबं ऱ्हावा. जाळ गेला की लगीच टाकीची चावी फिरवायची.”

मागून लोक त्यांना नावं ठेवत होते. तोंडावर धग येत होती, तरी ताई हलल्या नाहीत. गुंडा शेजारी येऊन उभा राहिला तेव्हाच त्यांनी दांडी दाबली. जाळाच्या मुळाशी पांढरा लोट गेला आणि जाळ नाहीसा झाला. उरला नुसता गॅसचा सूं सूं आवाज. गुंडानं चावी बंद केली.

ताईंनी दारं-खिडक्या उघडायला लावल्या, दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. मग पायरीवर जाऊन बसल्या.

आमटी पावडरीनं वाया गेली, पंगत उशिरा बसली. पण कुणाला साधं भाजलंसुद्धा नाही.

त्यानंतर गुंडा आपल्या सगळ्या माणसांना आष्ट्याला घेऊन आला. ताईंनी भांडी घासणाऱ्या हरणाबाईंच्या हातातही सिलिंडर दिला. त्यांनी घाबरत दांडी दाबली.

“लय सोपं हाय की,” हरणाबाई म्हणाल्या.

“पुन्यांदा दाबा,” ताई म्हणाल्या, “आता डोळं उघडं ठेवून.”