पुण्याचं सुधारगृह

ज्या सिनेमांचे मी उपकार मानते, ते सिनेमे तसे टाकाऊच. अमेरिकेत पन्नासच्या दशकात, मिळेल तेवढ्या पैशात, घाईघाईने उरकलेले. सगळे काळे-पांढरे आणि सगळे वाया गेलेल्या पोरापोरींचे. गाड्या पळवायच्या, चाकू काढायचे, एखादा पेट्रोल पंप लुटायचा आणि शेवटी न्यायाधीशापुढे मान खाली घालून उभं राहायचं. एरवी असल्या सिनेमापुढे मी पाच मिनिटंही बसले नसते. बसले, कारण लेकीचा मोबाइल आणि लॅपटॉप माझ्या कपाटात कुलुपात होते.

आधी त्या कुलुपाचं सांगते. माझी लेक अकरावीत. जन्मापासून दुबईत, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. जानेवारीतल्या एका दुपारी ती जुमेरा लेक टॉवर्समध्ये मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. अभ्यास असा झाला की मैत्रिणीच्या आईच्या गाडीची किल्ली उचलून तिघी पार्किंगच्या मजल्यावर उतरल्या आणि आमच्या बाईसाहेब स्टिअरिंगवर बसल्या. लायसन्स नाही, वय नाही. पहिलं वळण जमलं, दुसऱ्या वळणाला खांब आडवा आला. दार घासलं, कुणाला लागलं नाही. माझं ऑफिस दोन टॉवर पलीकडेच, म्हणून सिक्युरिटीवाल्याने मलाच बोलावून घेतलं.

"मॅडम, बाहर रोड पे नहीं गयी, शुकर करो," तो म्हणाला.

रस्त्यावर गेली असती तर प्रकरण पोलिसांत गेलं असतं, आणि इथे पोलीस म्हणजे चेष्टा नाही. मी शुकर केला, त्या मैत्रिणीच्या आईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले आणि टॅक्सीत बसल्यापासून डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्या फ्लॅटपाशी उतरेपर्यंत लेकीला फैलावर घेतलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. "ओके," एवढंच म्हणाली. घरी पोचताच मोबाइल आणि लॅपटॉप कुलुपात गेले. पुढे कितीतरी दिवस तिच्याकडून तेवढा एकच शब्द मिळायचा.

नवरा अबुधाबीच्या पार पलीकडे, वाळवंटातल्या एका साइटवर असतो. शुक्रवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे जातो. मधले दिवस तो उंटावरून शेळ्या हाकतो, आणि त्याच्या साइटवर उंट खरोखरच येत असल्यामुळे ही म्हण मी त्याला बिनदिक्कत लावते. त्याने फोनवरच निकाल दिला. "खलास. वर्ष संपलं की टीसी काढायचा आणि पुण्याला माझ्या बहिणीकडे पाठवायचं."

आखातातल्या आपल्या लोकांची ही रीतच आहे. मार्क कमी पडले, इंडियाला पाठवीन. उलट बोललास, इंडियाला पाठवीन. बहुतेक घरांत ते नुसतं म्हणायचं असतं. पण आमचा माणूस बोलला की करणारा. दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी शाळेला मेल गेली. ज्या बहिणीकडे पाठवायचं, तिला मात्र अजून विचारलंच नव्हतं. भावाने बहिणीला विचारायचं काय, असा त्याचा हिशोब. मला ते धड पटलंही नव्हतं आणि धड नाकारताही येत नव्हतं. मी पुण्यात वाढले. तिथे चार माणसं नजर ठेवतात, इथे मी संध्याकाळी सातला घरात शिरते.

त्यातच लेकीच्या मास मीडियाच्या विषयात प्रेझेंटेशन आलं. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि हिच्या वाट्याला आले हे पन्नासच्या दशकातले गुन्हेगार पोरांचे स्वस्तातले सिनेमे. देव कधीकधी फारच जाहीर थट्टा करतो. फोन नाही, लॅपटॉप नाही. राहिला हॉलमधला टीव्ही. म्हणजे जे काय बघायचं ते आमच्यासमोर. ती सोफ्याच्या एका टोकाला, मी पालेभाजी निवडत दुसऱ्या टोकाला. मधे मेथीची जुडी.

पहिल्याच सिनेमात सुरुवातीला टेबलामागे बसलेला एक गंभीर गृहस्थ आला आणि पालकहो, हे तुमच्याही घरात घडू शकतं, असं बजावून गेला. मग सोळा वर्षांची म्हणून जी पोरं आली, त्यांतल्या एकाचं कपाळ मागे सरकलेलं, दुसऱ्याला चक्क ढेरी. "हा अकरावीत? याची तर पोरं अकरावीत असतील," मी म्हटलं. लेकीच्या ओठाचा कोपरा हलला. हसली नाही, पण हलला. त्या दिवसापासून मी मुद्दामच बोलायला लागले. तीच भिंत परत परत दिसायची, तीच गाडी कधी चोराची, कधी पोलिसांची. त्यातले आईबाप तर बघत राहावे असे: बाप पेपरच्या मागे, आई आरशापुढे, आणि पोरगं दारातून बाहेर पडतंय.

शनिवारी नवराही येऊन बसायचा. त्याला फक्त न्यायाधीश आवडायचा. शेवटचं भाषण सुरू झालं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. "ऐक, ऐक. जज काय म्हणतोय बघ."

एकदा लेक म्हणाली, "बाबा, द स्पीच इज ओन्ली देअर सो दे कुड शो द रेस्ट." हे भाषण जोडलं नसतं तर मोठ्यांनी बाकीचा सिनेमा दाखवू दिला नसता, असं तिचं म्हणणं. पोरं गाड्या बघायला तिकीट काढायची, भाषणाच्या वेळी उठून जायची. नवऱ्याने आवाज कमी केला. मला त्याची थोडी दया आली.

मग एक सिनेमा मुलीचा निघाला. तिला सुधारगृहात पाठवतात. गाडीच्या मागच्या काचेतून ती मागे पडत जाणारं गाव बघते. सेट इतका स्वस्त की गाव म्हणजे एक पडदा, तोही हलत होता. मी त्यावर काहीतरी बोलणार, तेवढ्यात लेकीने सिनेमा थांबवला आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "आई, मला पुण्यात रस्ता क्रॉस करता येत नाही. आत्या हात धरते माझा. दर वेळी."

मी मेथी खाली ठेवली. पुणं तिने फक्त सुट्टीत बघितलेलं, पाहुणी म्हणून, श्रीखंड आणि कौतुक यांच्यामध्ये. माझ्या डोक्यात ती परत जाणार होती. ती परत कुठे जाणार? ती तिथे कधी नव्हतीच. मला फार वाईट वाटलं आणि त्या रात्री मी नवऱ्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "सवय होईल."

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी त्याने बहिणीला फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे लेकीनेही ऐकावं. टीव्हीवर एक टोळी थांबवून ठेवलेली होती. नवऱ्याने घसा साफ केला, पण पलीकडून नणंद रडवेल्या आवाजात आधीच सुरू झाली.

"दादा, मी तुलाच फोन करणार होते. अरे, आमच्या कार्ट्याने मित्राची बाइक काढली. लायसन्स नाही, वर ट्रिपल सीट. चौकात पकडलं त्याला. यांनी तर अन्न सोडलंय. मी काय म्हणते, बारावीला त्याला तुझ्याकडे ठेवून घे ना. तुमच्याकडे कायदा कडक, पोरं सरळ राहतात. तुझी लेक बघ कशी शिस्तीची. आमच्याकडे रोज त्याला तेच सांगते मी, की दुबईला मामाकडे पाठवीन, मग कळेल."

नवरा फोनकडे बघतच राहिला. मी पदर लावावा तशी ओढणी तोंडाला लावली. घरोघरी मातीच्या चुली, हे ठाऊक होतं; पण दोन घरांनी एकाच वेळी एकमेकांना तुरुंग नेमलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

सोफ्याच्या टोकाकडून आवाज आला, "इट्स अ प्रिझनर एक्स्चेंज." आणि लेक हसली. खळखळून, पोट धरून, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यासाठी मी अजूनही त्या पडद्यावर थिजलेल्या टोळीची ऋणी आहे.

"कोण हसतंय, वहिनी का?" नणंद म्हणाली.

नवऱ्याने स्पीकर बंद केला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, त्याला कुठेही पाठवू नकोस. चुकलाय तो, घाबरलेलाही असेल. आता तर तो तुझ्याजवळच पाहिजे."

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कधी गप्प बसायचं तेवढं कळतं. त्याने फोन ठेवला, लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "पण गाडी काढलीसच का?"

"देअर वॉज नो रीझन, बाबा." मग उशी जवळ ओढून, "आय वॉज सो स्केअर्ड आफ्टर."

"मग तेव्हाच सांगायचंस ना."

"तुम्ही दोघं स्पीच देत होता."

सिनेमा परत सुरू करायला तिने रिमोट उचलला, तर तो म्हणाला, "थांब, मला पहिल्यापासून दाखव." आणि आयुष्यात पहिल्यांदा तो न्यायाधीशाआधीचा सिनेमा बघत बसला.

सोमवारी त्याने सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं शाळेत गेलो. ऑफिसातल्या मल्याळी बाईंनी कॉम्प्युटरवर अर्ज शोधला. "टीसी कॅन्सल? रीझन क्या लिखूँ, सर?"

मला वाटलं आता भाषण होणार. माझा नवरा गॅसवाल्यालाही दोन वाक्यांत सोडत नाही.

तो म्हणाला, "वो घर पे रहेगी."

बाईंनी टाइप केलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्यांना त्यात काय विशेष? पण आमच्याकडे इतकी वर्षं घर म्हणजे पुणं. घरी फोन केला का, घरी कधी जायचं, घरून पापड आले. इथला तो फ्लॅट, फार तर रूम. त्याच्या तोंडून हा शब्द डिस्कव्हरी गार्डन्ससाठी मी कधीच ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही तोंडून नाही. लेकीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग माझा हात धरला आणि वर्गात जायची घंटा झाली तरी थोडा वेळ तशीच उभी राहिली.