आपल्याच आवाजाविरुद्ध दवंडी

तेरखेड्यात कल्याणप्पांचा आवाज सरकारी शिक्क्यापेक्षा भारी होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून ते भोंग्यावरून बोलायचे आणि गाव ऐकायचं. उद्या नळ येणार नाही म्हणाले, की बायका आजच हंडे भरून ठेवायच्या. कुणाच्या घरी मयत झाली, तर सांगायचे आप्पाच. मग हातातलं काम टाकून माणसं निघायची. पगार नावापुरता, पण आपण बोलावलं की गाव येतं, याचा त्यांना फार अभिमान. असावाच. माणसाला दुसरं असतं तरी काय?

भोंगा शेतातल्या वस्त्यांवर पोचत नाही, म्हणून अलीकडं ते तेच बोलणं मोबाइलवर गावाच्या ग्रुपला टाकायचे. तिथंच घात झाला. इतका आवाज आयता मिळाल्यावर कॉम्प्युटरवर दुसरा आप्पा तयार करायला कुणाला वेळ लागणार?

तेरखेडा फटाक्यांचं गाव. इथं आगीची चेष्टा कुणी करत नाही. एका दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर आप्पा ओरडले, "गोदामाला आग लागलीय, पळा, गाव सोडा!" मधलं खाकरणंसुद्धा त्यांचंच. माणसं वाट फुटेल तिकडं धावली. आग कुठंच नव्हती. आप्पा घरी भाकरी खात होते. पण त्या पळापळीत त्यांचा जिवाभावाचा मित्र गुंडाप्पा बांधावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि तो अंथरुणाला खिळला.

गाव आप्पांकडं तिरकं बघायला लागलं. 'आवाज तर तुमचाच हाय की,' असं तोंडावर बोलणारेही निघाले. आप्पांना अन्न गोड लागेना. शेवटी एसटीनं ते धाराशिवला गेले आणि तिथल्या एका कचेरीत, असल्या तक्रारी बघणाऱ्या अस्मिता मॅडमसमोर बसले. बाई भली होती, तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"नियम आलेत, आप्पा," ती म्हणाली. "बनावट आवाज असेल तर तसं त्यावर लिहायलाच पाहिजे."

"ज्यानं बनवला त्यो लिव्हील व्हय, बाई?"

"नाही लिहिलं तर गुन्हा."

"मग धरा की त्याला."

"कुणाला धरू? ज्या नंबरवरून ते पहिल्यांदा आलं, तो परदेशातला दिसतोय. कंपनीला पत्र गेलंय. उत्तर येईल तेव्हा येईल."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. बरं, घोडं तरी धडधाकट असावं!

पण वरून जनजागृतीचा आदेश होता, आणि जनजागृती तर कुणालाही धरल्याशिवाय करता येते. मॅडमनी दवंडीचा मजकूर करून दिला. आप्पांचा जीव भांड्यात पडला. सरकार आपल्या बाजूनं उभं राहिलं, असंच त्यांना वाटलं. घरी येऊन धुतलेला सदरा घातला, कपाळाला विभूती लावली आणि माइकसमोर बसून त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "ऐका हो ऐका! कल्याणप्पाच्या आवाजातल्या कुठल्याबी बातमीवर विश्वास ठेवू नका. सरकारचा हुकूम हाय!" ग्रुपवरही टाकलं. दवंडी कधी अर्ध्या मनानं द्यायची नसते, म्हणून दिवसभर परत परत पुकारलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण त्या दिवशी कुणालाच ते कळलं नाही, मॅडमनाही नाही आणि आप्पांना तर नाहीच.

गुंडाप्पा काही त्या अंथरुणातून उठला नाही. पावसाळा सरता सरता एका सकाळी शेतातल्या आपल्या वस्तीवरच त्यानं प्राण सोडला. आप्पा रडत रडत खोलीत आले, भोंग्यावरून सांगितलं, मोबाइलवर टाकलं. माती दुपारी, वस्तीवरच. मग ते वस्तीवर जाऊन बसले.

ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं, 'खोटं आहे, पुढं पाठवू नका,' आणि पुराव्याला खाली आप्पांचीच दवंडी जोडली. लोकांनी ती ऐकली आणि शहाण्यासारखे आपापल्या कामाला लागले. भोंग्यातलंही मोबाइलवरूनच लावलं असेल, असं ठरलं. सरकारचं ऐकलं, त्यांचा तरी काय दोष?

लिंगायतांत मयताला बसवून नेतात, विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत. ते उचलायला माणसं लागतात, वाटेत खांदा बदलायला आणखी लागतात. चौघंच जमले, त्यात आप्पा एक. पुन्हा पुन्हा विमान खाली टेकवत, दम खात चौघांनी मित्राला शेताच्या कडेला नेलं. खड्डा खोल असतो. गावाची मूठ मूठ माती पडली की तो बघता बघता भरतो. त्या दिवशी फावडं मारून मारून आप्पांचे हात सोलले, तरी भरता भरेना. अंधारून आलं.

गुंडाप्पाची बायको महादेवी वाटेकडं बघत उभी होती. जन्मभर तिचा नवरा गावातल्या प्रत्येक मातीला गेला होता. शेवटी ती आप्पांजवळ आली.

"भावजी, गावाचं काय वाईट केलं वो ह्यांनी?"

"काय न्हाय, वैनी. म्या सांगितलं गावाला. देवाशप्पथ, म्या पुकारलं."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्यावर तिचाही विश्वास बसला नव्हता.