पायऱ्यांवरची मोहफुलं

“पोटात काई हाये का नाई?”

शाळेच्या दारात उभ्या राहून बाई प्रत्येक मुलाला हेच विचारायच्या. उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. उलट्या बोटांनी पोराचं पोट चाचपायच्या आणि रिकामं लागलं की त्याला पेजेच्या मडक्याकडे ढकलायच्या. हजेरी त्यानंतर. या बाईंबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं तर विषय बदलला. आता विचारणारंही कुणी उरलेलं नाही.

कुरखेड्याच्या बाजूला जंगलात चर्चची एक प्राथमिक शाळा होती. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून तेव्हा चांदा हा एकच जिल्हा होता. पन्नासच्या दशकात मी तिथे मास्तर म्हणून गेलो तो तेल लावून चकचकीत केलेली छडी घेऊन. बाई आधीपासून तिथे होत्या. ठेंगण्या, विधवा, आवाज मात्र तळ्याच्या पलीकडे पोचणारा. पहिल्याच आठवड्यात माझी छडी नाहीशी झाली. शोधली, तर शाळेमागे वालाच्या वेलाला टेकू म्हणून रोवलेली.

“तुमची छडी कामाले लागली, मास्तर,” बाई म्हणाल्या. “पाहा, वेल कसा चढून राह्यला.”

मी आठवडाभर फुगून बसलो. शेंगा आल्यावर भाजी मात्र खाल्ली.

गोंडांची मुलं माझ्या वर्गात तोंड उघडत नसत. ती मठ्ठ आहेत असं मी बाईंना सांगितलं.

“मठ्ठ नाई जी. तुमची भाषा त्यायले नवी हाये. तुमाले कोणी तेलुगूत धडा देल्ला, तर तुमी काय बोलान?”

त्या प्रत्येक शब्द आधी गोंडीत म्हणायच्या, मग मराठीत. आधी एर, मग पाणी. पावसाळा संपेपर्यंत तीच मुलं इतकी बोलू लागली की मला ‘गप्प बसा’ म्हणावं लागलं.

मोहाच्या हंगामात शाळा ओस पडायची. फुलं पहाटे गळतात, आणि शेळ्या पोचायच्या आत ती वेचावी लागतात. पोरं वेचायला जायची आणि मग दिवसभर येतच नसत. बाईंनी शाळा उशिरा भरवायला सुरुवात केली. मुलांनी टोपल्या घेऊन थेट शाळेत यावं, चिंचेखाली फुलं पसरावीत, पेज प्यावी, चटईवर घटकाभर झोपावं, मग धडा. मुलं झोपलेली आणि बाई माश्या वारत बसलेल्या, अशी शाळा तुम्ही कुठे पाहिली आहे का? मी हसलो होतो. पण त्या हंगामात वर्ग भरलेला होता.

एकच गोष्ट त्या बजावून सांगायच्या. “चर्चच्या पायरीवर फुलं नाई हं, मास्तर. चांद्याच्या मोठ्या पाद्रीसाहेबाच्या नाकाले मोहाचा वास म्हंजे दारूच.”

ईस्टरच्या आदल्या रविवारी लोक झावळ्या घेऊन चर्चमध्ये जातात, त्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवसाची गोष्ट. सोमारी नावाची मुलगी तापाने फणफणली. तिचे आईबाप जंगलात लांब गेलेले, म्हणून बाईच तिला बैलगाडीतून कुरखेड्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. शाळा माझ्यावर होती. चिंचेखालच्या फुलांत शेळ्या घुसल्या आणि मुलं रडू लागली. मला एक युक्ती सुचली. चर्चच्या दगडी पायऱ्या उन्हाने तापलेल्या होत्या. मी सगळी फुलं तिथे पसरायला लावली. आपण बाईंच्याही पुढे गेलो, असं तेव्हा मला वाटलं.

दुपारी मोठे पाद्रीसाहेब चांद्याहून आले. एक दिवस आधीच. माझी नेमणूक त्यांच्या या भेटीत पक्की व्हायची होती. पायऱ्यांवर मोहफुलं, व्हरांड्यात झोपलेली मुलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला. त्याच वेळी बाईंची गाडी येऊन थांबली. सोमारीला कडेवर घेऊन त्या उतरल्या.

“उद्या इथून झावळ्या घेऊन लोक आत जाणार,” साहेब गरजले. “हे कोणी सुरू केलं?”

मी म्हणालो, “बाईंनी, साहेब. मुलांना फुलं घेऊन शाळेत बोलावतात.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतक्या सहज तोंडातून निघाला.

बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उद्यासाठी आणून ठेवलेले झावळ्यांचे भारे मोजत असल्यासारखा उभा होतो.

“हो साहेब,” त्या म्हणाल्या. “पोरायले मीच बलावलं.”

त्यांना शाळेतून काढून राजुऱ्याच्या बाजूच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला पाठवलं. जाताना त्यांनी मडकं माझ्या हाती दिलं. “पेज पातळ करू नका, मास्तर.” बस, एवढंच.

मी कायम झालो आणि पुढे हेडमास्तरही. पेजेचं मडकं पहिल्या पावसाळ्यात फुटलं, दुसरं मी आणलं नाही. पुढच्या मोहाच्या हंगामात सोमारी वर्गात झोपली. मी मागे गेलो, वेलातून छडी उपसली. वेल खाली कोसळला. तीच छडी मी तिच्या हातावर मारली. ती रडली नाही. पाटी जागेवर ठेवून निघून गेली आणि परत कधीच आली नाही. हळूहळू बाकीची गोंड मुलंही यायची थांबली.

शाळेच्या सोहळ्यात मला बोलायला उभं केलं, तेव्हा शाळा कशी सुधारली हे मी सांगितलं. पेज, चटया, आधी घरची भाषा. ‘आम्ही’ असं म्हणत सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या.

निवृत्तीनंतर एकदाच राजुऱ्याला गेलो. वाक्य मनात घोकत गेलो होतो. बाई वसतिगृहाच्या मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. डोळे गेले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

“मास्तर व्हय? या, बसा. पोटात काई हाये का नाई?”

उलटी बोटं पुढे आली आणि माझ्या पोटाला लागली. त्यांनी वसतिगृहातल्या एका पोरीला हाक मारून पेज मागवली. दाट होती. मी वाटी संपवली, पावसापाण्याचं बोललो, आणि उठलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं. खाटेजवळ बोलायचं ते वाक्य अजून तसंच आहे. बाई, पायऱ्यांवर फुलं मी पसरली होती. मला माफ करा.