पहिल्या घाण्याचं भजं

मुरुडच्या बाजारात गुणाबाईची कढई तापली की माणसं आपोआप थबकत. पहिला घाणा निघाला की त्यातलं एक भजं ती आधी स्वतःच्या तोंडात टाकायची. मीठ-तिखट बघितल्याबिगर गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, ही तिची रीत. भाजून भाजून जीभ चामड्याची झाली होती, पण बोलणं लोण्यासारखं मऊ.

भीती तिला एकाच गोष्टीची. तिची आई पार्वतम्मा शेवटी शेवटी सगळं विसरली होती. पोटच्या लेकीला म्हणायची, "भजेवाली, मीठ कमी पडलंय गं." गुणाबाई तिथं हसली, आणि मोरीत जाऊन रडली. आता पिठात मीठ दोनदा पडलं, की आपलंही तसंच होणार, असं तिला वाटायचं.

एक दिवस सून देविका म्हणाली, "आत्या, लातूरच्या दवाखान्यात तपासणी चाललीय. रक्तातली चरबी बघतेत. विसरायच्या आजाराच्या खुणा बी आता रक्तात दिसतेत म्हणं. दोन्हींचा काही संबंध हाय का, ते हुडकायलेत."

"जल्म तेलापुढं गेला माझा. अंगात रक्त तरी हाय का?"

"ते बी बघतील की!"

तपासणीसाठी आदल्या रात्रीपासून काही खायचं नव्हतं. पण नेमका बाजारचा दिवस. सकाळी एक घाणा काढून गुणाबाईनं कढई शेजारणीच्या हवाली केली आणि दोघी एसटीत बसल्या.

दवाखान्यात नर्सनं दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

गुणाबाईनं तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. झारा हातात होता. घाणा निथळत होता. मग? भजं तोंडात टाकलं, का नाही? आजवरच्या सगळ्या सकाळी डोळ्यांपुढं आल्या, आजची तेवढी येईना. "न्हाई" म्हटलं की सुटका होती. पण रक्तात भज्याचंच तेल निघालं तर? आणि आठवत नाही असं खरं सांगावं, तर आजच आईच्या वाटेला लागले की!

"आजी?"

"आठवत न्हाई बाई," ती म्हणाली.

देविका हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच विरलं. डॉक्टरीणबाई जवळ येऊन बसल्या. "सवयीचं काम हात करतो, ध्यानात राहत नाही. असं कुणाचंही होतं. उद्या उपाशी या, तेव्हा रक्त घेऊ. आणि चरबी जास्त निघाली म्हणजे तो आजार होणारच, असं नसतं."

"मग होणारच न्हाई, असं तरी सांगा."

"तसं कुणालाच सांगता येत नाही," म्हणत डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला.

एसटीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, "देविका, उद्या सकाळी माझ्यापाशीच ऱ्हा. मी काय खाल्लं, काय न्हाई, ते तू ध्यानात ठेव."

"हाव, आत्या."

सुनेला हे सांगून झालं, आणि गुणाबाईला कळलं की आजपासून आपल्या डोक्यावर आपलाच भरवसा उरला नाही. मुरुड येईपर्यंत तिनं सुनेचं मनगट सोडलं नाही.