पेठेतल्या घराची चौकशी

मंगळवार पेठेतलं घर घ्यावं की राजारामपुरीत जागा बघावी, हे मी फार अभ्यास करून ठरवणार होतो. बायकोचा ओढा राजारामपुरीच्या रुंद रस्त्यांकडे होता. माझं मत अजून तयार व्हायचं होतं. एका संध्याकाळी तिला सायकलवर डबलसीट घेऊन मी पेठेतल्या त्या गल्लीत गेलो.

कोपऱ्यावर म्हशी बांधलेल्या आणि माणसं ताज्या धारेच्या दुधासाठी ताटकळत उभी. धार काढणारा गडी मिशाळ होता. प्रत्येक वाक्याला तो म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा, जणू तीच त्याची साक्षीदार. मी हळूच विचारलं, "इथं चोऱ्या वगैरे होतात का हो?"

त्याची धार थांबली. समोरच्या माडीकडे बघून तो ओरडला, "मावशे, कुलूप हाय का गं तुझ्या घरात?"

"हाय की! आमी गावाला गेलतो तवा लावलं, किल्ली गावंना, मग तूच की तोडलास!" माडीवरून उत्तर आलं.

सगळे हसले. ती गल्ली स्वतःच बांधल्यासारखी छाती काढून तो माझ्याकडे वळला.

"आमचं ऐकलासा. आता तुमचं सांगा, पावणं. रातीअपराती कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर आमी समदी उठतो. तुमी उठणार न्हवं?"

मी सायकलची घंटी पुसायला लागलो.

"उठतील की," बायको म्हणाली. "नाही उठले तर मी उठवते!"

त्यानं पहिला फेसाळ पेला तिच्या हातात दिला. घर तिथंच ठरलं. माझं मत कुणी विचारलंच नाही, हे मी आजही सगळ्यांना अभिमानानं सांगतो.